आधी ताईचे

३ मार्च, सोमवार

सल्लागार बाईंनी रोजचा खर्च लिहून ठेवायला सांगितलं आहे, त्यासाठी ही वही काढली. ऑर्डरी लिहायची जुनी वही आहे. अर्धी कोरी राहिली, कारण ऑर्डरीच अर्ध्यावर थांबल्या. आजचा खर्च: बसची दोन तिकिटं. बाहेर आल्यावर चहा घेतला तो ताईने पाजला, म्हणजे तो माझ्या खात्यात येत नाही. एवढ्याने पान भरेना, म्हणून पुढचं लिहितो आहे.

कर्जात बुडालेल्यांना फुकट सल्ला देणारं ते कार्यालय बँकेच्याच इमारतीत आहे. ज्या जिन्याने कर्ज घ्यायला गेलो, तोच जिना आणखी एक मजला चढायचा. ताईचे गुडघे धरलेले, तरी कठड्याला लोंबकळत माझ्यासोबत चढली. म्हणाली, "तू एकटा आलास तर अर्ध्या जिन्यातून परत फिरशील." खरं होतं ते. हिला, म्हणजे बायकोला, सुट्टी मिळाली नाही. ही दाताच्या दवाखान्यात फोन घेते. घरी फोन वाजला की दचकते आणि तिथे दिवसभर फोनच उचलते.

बाईंना सगळं पहिल्यापासून सांगितलं. सोफे आणि खुर्च्या नव्याने शिवून देण्याचा माझा धंदा, एका लांबट खोलीतला. मोठ्या नाट्यगृहाचं काम मिळालं तेव्हा मी हवेतच होतो. फोम उधारीवर, कापड उधारीवर, मजुरी बँकेच्या पैशातून, बँकेचे हप्ते क्रेडिट कार्डावरून. शेवटची रांग बसवली आणि नाट्यगृहाच्या मालकाने हात वर केले. दार कुलूपबंद आहे. आत माझ्या खुर्च्या अंधारात उभ्या आहेत. इतक्या सुरेख बैठका भरल्या होत्या आणि त्यांवर कुणी एकदाही बसलं नाही.

बाईंनी तीन वाटा सांगितल्या. एक, सगळ्या घेणेकऱ्यांशी तडजोड करून पाच वर्षं ठरलेला हप्ता भरायचा. तो एकदा चुकला की पुन्हा होतो तिथेच. दुसरी, ज्याच्याकडे विकण्यासारखं काहीच नाही त्याची कर्जं वर्षभराने माफ होतात, पण माझ्याकडे व्हॅन आहे, त्यामुळे ती बंद. तिसरी, सरळ दिवाळखोरी जाहीर करायची. मग सरकारी अधिकारी येतो, आहे ते विकतो, सगळ्यांना वाटतो. हत्यारं आणि घरातलं गरजेचं सामान ठेवतात. नाव यादीत छापून येतं. वर्षभर नीट वागलं की उरलेलं माफ.

पुढे त्यांनी विचारलं, "घरच्या कुणाचं देणं आहे?" ताई शेजारीच बसलेली. मी म्हटलं, "घरचं मी बघतो." त्यावर बाई बरंच काही बोलल्या, पण माझं लक्ष त्यांच्या खुर्चीवरून हटेना. डावा हात फाटलेला, आतला फोम पिवळा पडून भुगा झालेला, आणि त्यावर कुणीतरी चिकटपट्टी लावलेली. रेक्झिनवर चिकटपट्टी! मनात माप घेतलं, एक हात उसवून भरायला अर्धा दिवसही लागणार नाही. ताई मात्र शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत ऐकत होती.

५ मार्च, बुधवार

हिला तीन वाटा सांगितल्या. ही मोजे घडी करत होती. म्हणाली, "हप्त्यांचं नको. पाच वर्षं दर महिन्याला फोनची धास्ती. एकदा काय ते होऊन जाऊ दे."

"लोक दिवाळखोर म्हणतील."

"आता काय म्हणतात?"

मला राग आला. उठून कारखान्यात गेलो, तर फोमवाला पायरीवर बसलेला. हा माझा जुना माणूस, एकत्र डबे खाल्लेले. भांडत नाही, नुसता बसतो. त्यापेक्षा भांडला असता तर बरं. त्याला चहा दिला, तो पिऊन गेला.

खर्च: दूध, चहापत्ती.

९ मार्च, रविवार

ताईकडे गेलो. तिच्या खिडकीपाशी आहे ती हातांची खुर्ची मी शिवलेली पहिली खुर्ची. शिकाऊ होतो तेव्हा. आईची होती, मोडकळीला आलेली. स्प्रिंगा बदलल्या, तागाचे पट्टे ताणले, हिरवं कापड लावलं. तेव्हापासून मधे दोनदा कापड बदललं, सांगाडा तोच. ताई तिच्यातच बसून वाचते, जेवते, आणि दुपारी घोरते, पण ते कबूल करत नाही.

आत सापडलेल्या वस्तूंचा नियमही तिच्याच खुर्चीपासून सुरू झाला. बैठक उसवली तर आत आईचा केसांचा चाप सापडला. मला काम शिकवणारे उस्ताद म्हणाले, खुर्चीत सापडलेलं गिऱ्हाइकाचं, मग ते बटण का असेना. तेव्हापासून जे काही सापडेल, चिल्लर, पेन, कानातलं, ते एका कापडी पिशवीत घालून बैठकीच्या खालच्या बाजूला खिळ्याने अडकवून देतो. आजवर कुणाचं काही ठेवून घेतलं नाही, एवढी एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

आणि ताईचे मात्र ठेवून घेतले. शाळेच्या कचेरीत तीस वर्षं मुलांच्या फिया घेत बसली, निवृत्तीला जे मिळालं त्यातले निम्मे नाट्यगृहाच्या कामासाठी मला दिले. गुडघ्याचं ऑपरेशन त्यातून व्हायचं होतं. एका शब्दाने कधी मागितले नाहीत. आज चहा देताना टेबलाचा आधार घेऊन उठली, ते बघवलं नाही.

बँकेचं, कापडवाल्याचं काय व्हायचं ते होवो. ताईचे पैसे बुडता कामा नयेत. बाकी माझं काहीही होऊ दे.

१४ मार्च, शुक्रवार

व्हॅन विकली. भाजी पोचवणाऱ्या एका माणसाने घेतली, रोखीने. चावी देताना वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं. तसेही पेट्रोलला पैसे नव्हतेच.

तिथून थेट ताईकडे. दारातच पाकीट पुढे केलं. तिने ते घेतलं नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"कसले?"

"व्हॅनचे. तुझे अर्ध्याहून जास्त फिटले. उरलेले पुढे देईन."

"अर्ज दिलास का?"

"मंगळवारी देणार. त्याच्या आधी तुझं मोकळं करायचं होतं."

"फोमवाल्याला काही दिलंस?"

"नाही. आधी तुझे. तू नाही घेतलेस तर मात्र त्याला देऊन टाकीन. कुणाच्या तरी ऋणातून सुटू दे मला."

ताई दार धरून उभी. मग म्हणाली, "आण इकडे. पाकिटावर आजची तारीख घाल आणि सही कर."

मला हसू आलं. फी घेण्याची सवय जात नाही तिची. सही केली. आत बोलावून अंडं-पाव खायला घातला. मी सांगत होतो, ती ऐकत होती, अधूनमधून माझ्याकडे टक लावून बघत होती. ताई अशी बघते तेव्हा तिला बहुतेक चष्म्याचा नंबर बदलायला हवा असतो.

खर्च: काही नाही.

१५ मार्च, शनिवार

रात्री झोपलो तो सकाळी हिने हलवल्यावर उठलो. किती महिन्यांनी. ही म्हणाली, "घोरत होता अहो, खिडकी हलत होती." तिला व्हॅनबद्दल सांगितलं. पैसे कुठे गेले ते विचारलं नाही तिने, मीही सांगितलं नाही. दुपारी ताईशी फोनवर बोलत होती. माझं नाव ऐकू आलं, पण जेवणाचं काही असेल.

१८ मार्च, मंगळवार

अर्ज दिला. पानंच पानं. एके ठिकाणी विचारलं होतं, गेल्या दोन वर्षांत कुणा नातेवाइकाला पैसे किंवा वस्तू दिल्या आहेत का. पेन तिथे अडकलं. मग विचार केला, मी काही दिलेलं नाही, तिचंच तिला परत केलं. कुणी शेजाऱ्याची शिडी परत केली तर त्याला दान म्हणतात का? "नाही" असं लिहिलं.

घेणेकऱ्यांच्या यादीतही ताईचं नाव घातलं नाही. तिचं नाव त्या यादीत, बँकेच्या आणि कार्डवाल्यांच्या पंक्तीत, ही कल्पनाच सहन होईना.

बस चुकली, चालत आलो. पाय भरून आले.

२३ मार्च, रविवार

ताईने वाकडी सुई आणि जाड दोरा मागितला, पिशवीचा बंद तुटलाय म्हणून. म्हटलं, पिशवी दे, मी शिवतो. म्हणाली, "माझे हात काही झडले नाहीत." दिली. वाकडी सुई माझी आवडती होती, परत मागावी लागेल. ताई वस्तू घेते आणि विसरते.

६ एप्रिल, रविवार

सुई मिळाली नाही. "शोधते," म्हणाली.

ताई स्वयंपाकघरात होती म्हणून मी तिच्या खुर्चीत बसलो. बैठक डाव्या बाजूला कडक लागली, गाठ आल्यासारखी. काथ्या गोळा झाला असणार, किंवा पट्टा सैल पडून स्प्रिंग वर आली असेल. खाली वाकून बघणार, तेवढ्यात ताई चहा घेऊन आली आणि ओरडलीच, "ऊठ तिथून!"

"अगं, बैठक खराब झालीय. हत्यारं आणलीयत, आत्ता करून देतो."

"काही करायला नको. मला तशीच आवडते."

"बसवत नाही नीट."

"तुला कुणी बस म्हटलं? धाकट्या, प्रत्येक खुर्चीत हात घालायलाच हवा का?"

म्हातारपणी माणसं हट्टी होतात. मीच भरलेली खुर्ची आणि मलाच हात लावू देत नाही. जरा लागलंच मनाला. परत येताना विचार करत होतो, एवढं काय चुकलं माझं.

११ एप्रिल, शुक्रवार

दिवाळखोरी जाहीर झाली. माझ्या कामावर नेमलेले अधिकारी आज कारखान्यात आले. माणूस वाईट नाही, आवाजसुद्धा चढवत नाही. शिवणयंत्र, हातोड्या, कात्र्या बाजूला ठेवून म्हणाले, "हे तुमचं. उद्या यावर पोट भरायचंय." कापडाचे तागे, फोमचे उरलेले पत्रे, कपाट, ग्राहकांची बाकं, सगळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या. खोली महिनाअखेर घरमालकाला परत. मी फोमचे कापलेले तुकडे झाडून काढत होतो, ते म्हणाले, "राहू द्या." पण राहवत नव्हतं.

मग खुर्चीवर बसून त्यांनी विचारलं, "व्हॅन?"

"विकली."

"हो, कागदावर आहे. अर्जाच्या चार दिवस आधी. पैसे कुठे आहेत?"

"खर्च झाले."

"कशावर?"

म्हटलं, घरखर्च, औषधं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि टिपून घेतलं. म्हणाले, "घरच्या कुणाला दिले असतील तर ते परत येतील. त्या व्यक्तीला नोटीस जाईल, गरज पडली तर न्यायालयातून. तुमची माफी लांबेल, कदाचित मिळणारही नाही. २५ तारखेपर्यंत आठवून सांगा."

ताईला न्यायालयाची नोटीस! आयुष्यात तिने कधी बसमध्ये फुकट प्रवास केला नाही.

१२ एप्रिल, शनिवार

हिला सांगावंच लागलं. ही खुर्चीत बसली, उठली, परत बसली.

"ताईंकडे जा," म्हणाली.

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

"तिने ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरले असतील गं."

"नसतील."

"तुला काय माहीत?"

ही भांडी घासायला लागली. भांडी घासताना हिला ऐकू येत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

ताईच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. खिडकीत ती दिसत होती, खुर्चीत, चष्मा नाकावर. परत आलो. बसच्या थांब्यावरच्या बाकाचा स्क्रू सैल होता, तो नखाने फिरवत बसलो. दोन बसेस सोडल्या.

वाटलं, कुणाकडून तरी उसने घेऊन अधिकाऱ्यांना भरून टाकावेत. मग आठवलं, मला आता कुणी उसने देत नाही, आणि कुणी दिले तर देणाऱ्यालाच पकडतील.

१७ एप्रिल, गुरुवार

सल्लागार बाईंकडे. एकटाच गेलो, जिना पूर्ण चढलो. चिकटपट्टी अजून तशीच आहे. या वेळी खुर्ची दिसणार नाही असा जरा तिरका बसलो.

सगळं सांगितलं. अर्जातलं "नाही" सुद्धा. बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, थकल्यासारख्या दिसल्या. रोज माझ्यासारखे कितीजण येत असतील.

"मी तुम्हाला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"माझं लक्ष नव्हतं."

"अर्ज करायच्या आधी घरच्या माणसाला पैसे दिले तर ते परत घेतले जातात. सगळ्या घेणेकऱ्यांना एकाच रांगेत उभं करायचं असतं."

"बाई, ती बहीण आहे. बँक नाही. तिने मला अंगाखांद्यावर खेळवलंय. बँकेने व्याज लावलं, तिने शाळेचा डबा भरून दिला."

"ठीक. आणि तो फोमवाला?"

"त्याचं काय?"

"त्यालाही कुणी बहीण असेल. त्याने तिच्याकडून घेऊन तुम्हाला माल दिला असेल."

फोमवाला पायरीवर का बसायचा, भांडायचा का नाही, हे कधी विचारलंच नव्हतं मी. जुना माणूस म्हणून गृहीत धरला.

बाई म्हणाल्या, स्वतःहून जाऊन खरं सांगितलं तर अजून फार बिघडलेलं नाही. पैसे मात्र हवेत. सगळे.

खर्च: बस. घरी येताना चहा घ्यावासा वाटला, घेतला नाही.

२० एप्रिल, रविवार

हे नीट लिहायचं आहे.

सकाळी ताईकडे गेलो. दार उघडल्याबरोबर, चपला काढायच्या आत, एका दमात सगळं ओकून टाकलं. व्हॅन, अर्जातलं खोटं, अधिकाऱ्यांना सांगितलेलं खोटं, नोटीस. तुझे पैसे तुझ्याकडून परत काढून घ्यायला आलोय, असंच म्हणालो. तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, पायपुसण्याकडे बघत होतो.

"झालं सांगून?" ताई म्हणाली.

"झालं."

"मग आत ये आणि खुर्ची उलटी कर."

मला कळेना. तिने खिडकीपाशी बोट दाखवलं. "कर उलटी. मला उचलत नाही ती. मागच्या वेळी कसं केलं माझं मला माहीत."

खुर्ची उलटी केली. खालचं अस्तर एका बाजूने उसवून परत शिवलेलं होतं. इतका वाईट टाका मी शिकाऊ असतानाही घातला नव्हता. एक लांब, एक आखूड, मधेच गाठी. खिशातला छोटा चाकू काढून एकेक टाका कापला. काथ्यात हात घातला तर प्लास्टिकच्या पिशवीत पाकीट. वर माझी तारीख, माझी सही. उघडलेलंसुद्धा नव्हतं. त्याच्या शेजारी, गोणपाटात खोचलेली, माझी वाकडी सुई.

"अगं बाई, इथे होती होय ती! मी कपाटं पालथी घातली," ताई म्हणाली.

"यावर बसत होतीस तू?"

"म्हणूनच टोचायचं अधूनमधून."

मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं, चांगलं मोठ्याने. ताईने रडू दिलं. स्टुलावर बसून दोरा गुंडाळत राहिली.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. त्या बाईंनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून सांगितलं. तू त्यांची खुर्ची डोळ्यांनी खात होतास."

"मग घेतलेस कशाला?"

"मी नसते घेतले तर फोमवाल्याला देणार होतास. स्वतःच म्हणालास. त्याने खर्च केले असते, मग काढणार कुठून? तू अडकला असतास आणि तोही. माझ्याकडे असले म्हणजे मागितल्या दिवशी मिळतील."

"सांगायचं तरी मला."

"सांगणारच होते. जिभेवर आलं होतं." दोरा खाली ठेवून म्हणाली, "पण पाकीट हातात दिलंस आणि तुझे खांदे खाली आले. किती दिवस कानाला लागले होते ते. दुसऱ्या दिवशी तुझ्या बायकोचा फोन, ताई, रात्रभर घोरत होते, म्हणाली. रडत होती बिचारी. म्हटलं, झोपू दे थोडे दिवस. मागायला येतीलच, तेव्हा बघू. अर्जात खोटं लिहिशील असं नव्हतं वाटलं. तिथे माझंही चुकलं."

पाकीट हातात होतं. सवयीने हात तिच्याकडे गेला. खुर्चीत सापडलेलं गिऱ्हाइकाचं, इतकी वर्षं हाताला वळण पडलेलं. तिने ते घेतलं, धूळ झटकली आणि परत माझ्या मांडीवर ठेवलं.

"माझंच आहे, बरोबर," म्हणाली. "आणि मी ते त्या साहेबांना देतेय. गुरुवारी मीही येणार."

"ताई, तुझं ऑपरेशन."

"धाकट्या, मी तुला दिले त्याच दिवशी ते गेले होते. मला तेव्हाच कळलं होतं. तुला कळायचं राहिलं होतं, एवढंच."

अस्तर परत शिवायला घेतलं. ती म्हणाली, मी घातलेत तसे टाके नकोत. म्हटलं, नाही गं घालत.

२४ एप्रिल, गुरुवार

अधिकाऱ्यांकडे तिघं गेलो. हिने या वेळी बिनपगारी सुट्टी टाकली. अर्ज दुरुस्त करून दिला, खोटं बोललो हे माझ्या हाताने लिहून दिलं. ते म्हणाले, माफी काही महिने पुढे जाईल, पण स्वतःहून आलात हे मी नोंदवतो. पैसे मोजले. घेणेकऱ्यांच्या यादीत ताईचं नाव घातलं, सगळ्यांत शेवटी, फोमवाल्याच्या खाली. तिला सांगितलं की वाटणी होईल तेव्हा तिचा हिस्सा टपालाने येईल, फार अपेक्षा ठेवू नका.

ताईने सही केली, फीच्या पावतीवर करायची तशी, ठसठशीत. मग हात पुढे करून बसून राहिली.

"आणखी काही?" अधिकारी म्हणाले.

"पावती."

"बाई, हे सरकारी..."

"रक्कम घेतलीत ना? मग पावती."

त्यांनी निमूटपणे लिहून दिली. येताना ही आणि ताई पुढे चालत होत्या, ताई हिच्या दंडाला धरून. मी मागे. बोलणं कशाबद्दल चाललं होतं कळलं नाही. या वेळी ऐकायचा प्रयत्न केला.

९ सप्टेंबर, मंगळवार

बरेच महिने इथे काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर जातो, माझीच हत्यारं घेऊन. मालक माझ्याहून लहान आहे, मला काका म्हणतो आणि काम तपासतो. फोन वाजला तरी ही आता दचकत नाही. नाव छापून आलं होतं ते दोन शेजाऱ्यांनी वाचलं, एकाने सोफा दुरुस्तीला दिला.

फोमवाल्याला भेटलो. त्याच्या हिश्शाचं टपाल आलं होतं. म्हणाला, "एवढ्यात एक चांगली उशीसुद्धा येणार नाही." मग विचारलं, त्याने माल आणायला पैसे कुठून आणले होते. मोठ्या मेहुणीकडून, म्हणाला. तिचे अजून फिटायचे आहेत. मी माफी मागितली. तो नुसता पायरीवर सरकला आणि मला जागा दिली.

गेल्या आठवड्यात ताईच्या हिश्शाचं टपाल आलं. आज संध्याकाळी ती आमच्या घरी आली, जिना चढून, दोन ठिकाणी थांबून. हातात हिरव्या कापडाची घडी.

"खुर्चीचं कापड विरलंय," म्हणाली. "आणि डावी बाजू अजून बसलेली नाही. नीट भरून दे. मजुरी किती?"

"ताई, वेडी आहेस का?"

"मजुरी किती घेतोस तेवढं सांग. त्या बाई म्हणाल्या होत्या, प्रत्येक कामाचे पैसे घ्यायचे आणि लिहून ठेवायचे. मी ऐकलंय, तू नसशील ऐकलं."

मी आकडा सांगितला, कमी करून. तिने पर्स उघडून नोटा काढल्या. टपालातून आलेलंच पाकीट होतं, धनादेश वटवून नोटा त्यातच ठेवलेल्या. कापडाचे गेले, मजुरीचे गेले, पाकीट रिकामं झालं. ते तिने चार घड्या करून आमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि हिला म्हणाली, "चहा टाक गं. आलेय चढून, उतरवत नाही लगेच."

खुर्ची रविवारी आणीन. ताग बदलून नवीन पट्टे लावायचे आहेत.

मार्चपासून एक वाक्य लिहायचं टाळत होतो. ताईचे पैसे बुडाले. माझ्यामुळे बुडाले.

खर्च: पट्टे, दोरा, खिळे.

जमा: ताईकडून, खुर्चीची मजुरी, पूर्ण.